खुलेपणा कोणत्या फोनवर मोजायचा?

५ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलच्या पुढाकाराने ३४ कंपन्यांची ‘ओपन हँडसेट अलायन्स’ जाहीर झाली. सॅमसंग, मोटोरोला, एचटीसी, क्वालकॉम, टी-मोबाइल अशी फोन करणारी, चिप करणारी, नेटवर्क चालवणारी मंडळी तीत होती. अँड्रॉइडचा कोड सर्वांना मोफत, त्यावर कुणीही फोन बनवावा, हे तिचे सूत्र. त्याचे मोल मोठे आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर स्वस्त स्मार्टफोन पोचला, त्यामागे हा खुला कोड आहे.

पण प्ले स्टोअर हवे तर गूगलची अ‍ॅप्स आधीच भरून द्यायची आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती विकायची नाही, अशा अटी उत्पादकांवर होत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३मध्ये दंड कायम ठेवून आयोगाचे काही निर्देश रद्द केले. हा वाद बाजारातल्या बड्यांचा. ज्यांच्या हाती सर्वांत साधा फोन आहे, त्यांची बाजू त्यात कुठेच आली नाही.

जव्हार तालुक्यातले वावर हे गाव घ्या. १९९२मध्ये वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर वेळेवर टिपला गेला नाही तर काय होते, हे या भागाने भोगलेले आहे. २०२१पासून अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी अ‍ॅपवर करायची आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करायला सुरुवात केली. रॅम जेमतेम २ जीबी, माहिती भरताना फोन हँग होतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी, अ‍ॅप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. या बायकांना नवे शिकायचे नाही, असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. फोनची मानके कशी असावीत, हेच त्या सांगत होत्या. ठरवताना त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच.

सरकारने मनावर घेतले तर नियम होतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार फोनवर २२ भारतीय भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. या पाड्यांवर बोलली जाणारी वारली त्या यादीत नाही, ही उणीव खरीच. तरी स्वस्तातल्या फोनवरही देवनागरी हक्काने आली. फोनच्या आयुष्याबद्दल मात्र असे बंधन नाही. कमी मेमरीच्या फोनांसाठी काढलेल्या ‘अँड्रॉइड गो’लाही तेराव्या आवृत्तीपासून किमान २ जीबी रॅम लागते. चिप कंपनीने पाठबळ थांबवले की नवी आवृत्ती येत नाही, आणि काही वर्षांत अ‍ॅप्सही जुनी आवृत्ती सोडून देतात. शहरात माणूस नवा फोन घेतो. मानधनावर काम करणाऱ्या सेविकेने तो कशातून घ्यायचा?

म्हणून कामासाठी सक्तीच्या प्रत्येक सरकारी अ‍ॅपला जाहीर मानक हवे. किती जुन्या फोनवर ते चालेल, रेंज नसताना भरलेली नोंद किती दिवस सुरक्षित राहील, मराठीत नाव लिहिता येईल का, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या मुलाची नोंद तिथल्या सेविकेला उघडता येईल का, हे सारे त्यात लेखी असावे. आणि चाचणी वावरसारख्या केंद्रात, सेविकेच्याच हातातल्या फोनवर, ऐन पावसाळ्यात व्हावी. तिचा निकाल प्रसिद्ध झाल्याशिवाय अ‍ॅपची सक्ती करू नये.