मुक्याचें पथ्य

दरसाल भाऊबीजेस सांगलीहून साताऱ्यास भगिनीच्या घरीं जातांना आम्ही बेदाण्याची एक पेटी बरोबर नेतों. तासगांवकडचा बेदाणा हें आमच्या भागाचें भूषण आहे. २०१६ सालीं सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. शिवाय भाऊबीजेस रिकाम्या हातानें जाणें बरें दिसत नाहीं. गेल्या दिवाळींत मात्र याच पेटीनें आम्हांस अशा एका वादांत ओढलें कीं, तो वाद मिटला तरी त्यांतून निघालेला प्रश्न आमच्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक आहे. कुत्र्यास खावयास काय घालावें, एवढाच तो आहे.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं आमच्या आक्कांचें घर आहे, आणि त्या घरांत खंड्या नांवाचा कुत्रा आहे. छत्रपति शाहू महाराजांच्या ज्या खंड्यानें शिकारींत वाघापासून धन्याचे प्राण वांचविले अशी कथा साताऱ्यांत सर्वांच्या तोंडीं आहे, आणि ज्याची समाधि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस दाखवितात, त्याचेंच हें नांव. आक्कांचा खंड्या वाघ तर राहोच, फटाक्याच्या आवाजानेंहि पलंगाखालीं जातो. त्याचा आहार म्हणजे जोंधळ्याची भाकरी, दूध आणि दुपारीं भाकरीवर ओतलेली आमटी. पुण्यास नोकरीस असलेला आमचा भाचा सुटीवर घरीं आला होता. त्यानें आल्या दिवशींच हा आहार शास्त्रविरुद्ध ठरविला, आणि बाजारांतून कच्चें मांस व हाडें आणून खंड्यापुढें अंगणांत ठेवलीं. आक्कांनीं तो दिवस नाकाला पदर लावून काढला.

"मामा, कुत्रा म्हणजे मुळांत लांडगा," भाचा आम्हांस म्हणाला. "रानांत लांडग्याला भाकरी कोण भाजून घालतो?"

"या दारांत चार कुत्रीं म्हातारीं होऊन गेलीं," आक्का म्हणाल्या. "एकानेंहि भाकरीची तक्रार केली नाहीं. तूं सांग रे याला."

तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास सर्व विषयांत मत असतें अशी आमच्या कुटुंबांत समजूत आहे. ती खोडून काढण्याचें धैर्य आम्हांस आजवर झालेलें नाहीं.

दोन्ही पक्ष एकाच शब्दाच्या आश्रयास आलेले पाहून आम्हांस मौज वाटली. तो शब्द 'नैसर्गिक'. भाच्याच्या मतें नैसर्गिक म्हणजे रानांतलें; आक्कांच्या मतें नैसर्गिक म्हणजे घरांतलें, कंपनीच्या डब्यांतलें नव्हे तें. आणि शेजारच्या घरीं तयार खाद्याची जी पिशवी येते, तिच्यावरहि हाच शब्द ठळक छापलेला असून खालीं एका लांडग्याचें चित्र आहे. लंडनमध्यें १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट यानें कुत्र्यांचीं बिस्किटें विकावयास आरंभ केला. त्या धंद्याचीं हीं पणतवंडें. उलट १९९३ सालीं इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानें कच्चें मांस व हाडें यांचा पुरस्कार करणारें पुस्तक लिहिलें, आणि तेव्हांपासून दुसरा पंथ वाढीस लागला. आमचा भाचा या दुसऱ्या पंथाचा. मात्र त्यानें तें पुस्तक वाचलेलें नव्हतें. त्याच्या मोबाईलवर कोणी एक गृहस्थ रोज बोलत असत. त्यांनीं तें वाचलें असावें.

जॉन स्टुअर्ट मिल याचा निसर्गावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८७४ सालीं, प्रसिद्ध झाला. त्यांतील युक्तिवाद असा कीं, 'जें जें घडतें तें सर्व' असा निसर्गाचा अर्थ घेतला तर निसर्गाप्रमाणें वागा हा उपदेश व्यर्थ होतो, कारण त्याविरुद्ध कोणास वागतांच येत नाहीं. आणि 'मनुष्याचा हात न लागतां जें घडतें तें' असा अर्थ घेतला तर तो अविवेकाचा होतो, कारण मनुष्याचें सारें कर्तृत्व निसर्गांत फेरफार करण्यांतच आहे. कुत्र्याच्या बाबतींत ही अडचण दुप्पट आहे, कारण हा प्राणीच मुळीं मनुष्याच्या उंबरठ्यावर घडला. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २०१३ सालीं कुत्रा व लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिठूळ अन्न पचविणारा जो रस स्वादुपिंडांत तयार होतो, त्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोन आढळल्या, कुत्र्यांत चारांपासून तिसांपर्यंत. जेथें शेती नव्हती त्या मुलुखांतील कुत्र्यांत, म्हणजे ऑस्ट्रेलियांतील डिंगोंत किंवा ध्रुवाकडे स्लेज ओढणाऱ्या जातींत, त्या थोड्याच असतात असेंहि पुढें दिसून आलें. शेतकऱ्याच्या दारीं राहून कुत्र्याचें पोट शेतकऱ्याच्या अन्नास सरावलें, असा याचा अर्थ. म्हसवड-आटपाडीच्या बाजूस धनगरांच्या मेंढरांमागें जीं उंच, सडपातळ कुत्रीं आम्ही पाहतों, त्यांच्याहि वाट्यास बहुधा भाकरीच येते. पण त्यांस धांवतांना ज्यानें पाहिलें आहे तो त्यांना दुबळीं म्हणणार नाहीं.

हें ऐकतांच आक्कांनीं मुलाकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. पण भाकरी पचते याचा अर्थ भाकरी पुरते असा नव्हे. वाढत्या पिलास किंवा गाभण कुत्रीस अंडीं-मांसांतलें सत्त्व अधिक लागतें, आणि पुष्कळ प्रौढ कुत्र्यांस दूध सोसत नाहीं. भाच्यासहि सांगणें प्राप्त होतें कीं, कच्च्या मांसाबरोबर रोगजंतु घरांत येतात, आणि ते कुत्र्यापाशींच थांबत नाहींत; अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या संघटनेनें २०१२ सालीं या प्रथेविरुद्ध मत दिलें तें याच कारणास्तव. आक्कांचा नातू रांगत्या वयाचा आहे, आणि खंड्या दिवसांतून दहा वेळां त्याचें तोंड चाटतो.

येथवर सर्व विनोदानें चाललें होतें. इतक्यांत आक्कांनीं आमची पेटी उघडली आणि मूठभर बेदाणे खंड्यापुढें धरले. "नको!" म्हणून आम्ही एवढ्या मोठ्यानें ओरडलों कीं, खंड्या पलंगाखालीं गेला आणि बेदाणे जमिनीवर सांडले. ते वेंचतां वेंचतां, जी गोष्ट आम्हीं आजवर त्या घरीं सांगितली नव्हती, ती सांगावी लागली.

२०११ सालीं सांगलीस आमच्याकडे मैना नांवाची कुत्री होती. त्या चैत्रांत आम्ही तिला घेऊन तासगांवकडे एका स्नेह्यांच्या बेदाण्याच्या शेडवर गेलों. जाळ्यांवर द्राक्षें वाळत होतीं. खालीं पडलेले बेदाणे मैनेनें पोटभर खाल्ले, आणि आम्हीं कौतुकानें आणखी भरविले. दुसऱ्या दिवशीं तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशीं लघवी बंद झाली. डॉक्टरांनीं विचारलें, "हिनें बाहेरचें कांहीं खाल्लें आहे काय?" आम्हीं उत्तर दिलें, "बाहेरचें कांहीं नाहीं. सगळें घरचेंच." पांचव्या दिवशीं ती गेली. मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं, एवढें रक्ताच्या तपासणीवरून कळलें.

पुढें कित्येक वर्षांनीं आमच्या वाचनांत आलें कीं, द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरतात, आणि अमेरिकेंतील विषवैद्यांनीं ही गोष्ट २००१ सालींच प्रसिद्ध केली आहे. मैनेच्या मृत्यूस बेदाणाच कारण झाला असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. प्रत्येक कुत्र्यास तो बाधतोच असें नाहीं. पण ही माहिती दहा वर्षें अगोदर छापली गेली होती, आणि पुस्तकांत जन्म घालविलेले आम्ही, त्या अवधींत तिची चौकशी न करतां, ओंजळीनें भरवीत होतों.

नामदेवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें ते तुपाची वाटी घेऊन धांवले, कीं त्यानें ती कोरडी खाऊं नये. आजचा पशुवैद्य त्या तुपाविषयीं दोन शब्द सांगेल, पण त्या करुणेपुढें तोहि मान लववील. आमच्यापाशीं ती करुणा नव्हती. नुसती वाटी होती.

क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. आपलें जुनें जहाज मजबूत आहे अशी तो स्वतःची समजूत घालून घेतो, उतारू भरून तें समुद्रांत सोडतो, आणि जहाज बुडतें. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, तरी क्लिफर्ड त्यास दोषी ठरवितो, कारण तसा विश्वास बाळगण्याचा हक्क त्यानें चौकशीनें मिळविलेला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीहि दोष तोच राहिला असता. हा निबंध शिकवितांना आम्ही वर्गांत म्हणत असूं कीं, हा न्याय फार कठोर आहे. सामान्य मनुष्यानें प्रत्येक समजूत तपासून पाहावी कशी? अजूनहि स्वतःच्या पोटापुरता मनुष्य चुकला तर त्यास आम्ही माफ करूं. पण मैनेनें आमच्या हातांतून घेतलें तें आमच्यावर विश्वासून घेतलें, आणि आम्हीं ज्यावर विश्वास ठेवला तो नुसता शेडवरचा रिवाज होता. महाभारताच्या आदिपर्वांत सरमा नांवाची देवांची कुत्री जनमेजयाच्या सत्रांत येऊन जाब विचारते कीं, माझ्या पोरानें हवि चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलेंहि नाहीं, मग त्यास कां मारलें? कोणापाशींच उत्तर नसतें. आमच्या दारीं कोणी सरमा आली नाहीं. आली असती तर आम्ही तिला तरी काय सांगणार होतों? सगळें घरचेंच होतें, म्हणून?

मग विश्वास ठेवावा कोणावर? वात्स्यायनानें न्यायभाष्यांत आप्ताचें लक्षण केलें आहे: ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; मग तो ऋषि असो, आर्य असो कीं म्लेंच्छ असो. हें लक्षण आम्हीं त्या संध्याकाळीं घरांतल्या घरांत लावून पाहिलें. आक्कांचा अनुभव साक्षात् खरा, पण म्हातारीं होऊन गेलेलीं चार कुत्रीं त्यांस आठवतात. जीं अकालीं गेलीं त्यांच्याबद्दल 'आयुष्य सरलें' एवढेंच आपण म्हणतों, आणि हिशेबांत धरीत नाहीं. भाच्याच्या मोबाईलवरील गृहस्थ स्वतःच्या नांवाची भुकटी विकतात असें चौकशीअंतीं निघालें. खाद्याच्या कंपन्या संशोधनास पैसा पुरवितात. म्हणून तें संशोधन खोटें ठरत नाहीं, परंतु दुसऱ्यानें तें पडताळलें आहे काय हें विचारण्याचा आपला हक्क त्यामुळें वाढतो. भाचा महिन्यांतून एकदां तरी पुण्याहून साताऱ्यास येतो. वाटेवर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथें गाडी थांबवून कोणास विचारावें असें त्याच्या मनांत कधीं आलें नव्हतें. खरें म्हणजे आमच्याहि आलें नव्हतें.

आपलें ज्ञान कोठें संपतें हें जो आपण होऊन सांगतो, त्याच्याकडे आमचा कल अलीकडे झुकूं लागला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २०१८ सालीं इशारा दिला कीं, वाटाणा, मसूर यांसारखीं कडधान्यें वा बटाटा यांवर भर असलेल्या, व पुष्कळदां 'धान्यविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यांचा कुत्र्यांच्या एका हृद्रोगाशीं संबंध असावा काय, याची चौकशी चालू आहे. २०२२ च्या अखेरीस त्याच खात्यानें कळविलें कीं, कार्यकारणभाव सिद्ध करण्याइतका पुरावा हातीं आलेला नाहीं, आणि महत्त्वाची नवी माहिती मिळेपर्यंत आणखी निवेदन काढण्याचा आपला विचार नाहीं. हें वाचून पुष्कळांचा त्या खात्यावरील विश्वास उडाला. आमचा थोडा वाढला. बेदाण्याचेंहि तसेंच. तो घातक आहे हें सांगणारे वैद्य, त्यांतील विष कोणतें हें आम्हांस कळलेलें नाहीं, असें वीस वर्षें कबूल करीत होते. पुढें एका कुत्र्यानें घरीं केलेला मुलांच्या खेळण्याचा रंगीत गोळा खाल्ला आणि त्याचीं मूत्रपिंडें तशींच बिघडलीं. त्या गोळ्यांत द्राक्षांच्या आम्लापासून होणारा एक क्षार होता. त्यावरून द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हेंच तें विष असावें, असा तर्क २०२१ सालीं पुढें आला. 'असावें' हा शब्द त्यांचाच आहे.

हें सर्व आम्ही जरा रंगून सांगत होतों. आक्का बेदाणे पेटींत परत भरीत होत्या.

"आम्ल म्हणजे आंबट ना रे?" त्यांनीं विचारलें. "मग चिंच?"

आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. भाचाहि मोबाईल हातांत धरून स्तब्ध बसला. रात्रीं आम्ही दोघांनीं मिळून शोध घेतला. त्याच शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं चिंच खाऊन मूत्रपिंडें बिघडलेल्या कुत्र्यांचीं उदाहरणें प्रसिद्ध केलीं आहेत. चिंचेंतहि तेंच आम्ल विपुल असतें. सकाळीं आक्कांस तें सांगितलें. मूठभर चिंच आणि आमटींतला चमचाभर कोळ यांत अंतर आहे, हेंहि सांगितलें.

"चाळीस वर्षें ओततें आहें मी," आक्का म्हणाल्या, आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

दुपारीं त्यांनीं भाकरी पाण्यांत कुसकरली आणि भाच्यानें उकडलेलें एक अंडें तोंड फिरवून तींत घातलें. खंड्यानें ताटलीचा वास घेतला, आणि आमटीची वाट पाहत तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला.