अवयव आणि अवयवी

वस्तू सुटी केली म्हणजे ती कळली, ही समजूत आधुनिक मनाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिची तपासणी क्वचितच होते. त्या तपासणीला एखादे जुने गणनयंत्रही पुरेसे ठरते. कॅलिफोर्नियातील फ्रिडेन कंपनीने १९६३ साली जाहीर केलेला 'ईसी-१३०' हा टेबलावर ठेवायचा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर या दृष्टीने विचारणीय आहे.

त्याचे आवरण उचलले की ट्रान्झिस्टर आणि डायोड एकेक करून मोजता येतात. आकडे दाखवण्यासाठी लहानशी चित्रनलिका आहे. स्मृतीचे स्थान शोधू जाता मात्र हाती लागते ते तारेचे वेटोळे. तारेच्या एका टोकाला पिळाचा सूक्ष्म धक्का बसतो. तो तरंगरूपाने दुसऱ्या टोकाला पोचतो, तेथे ओळखला जातो आणि पुन्हा पहिल्या टोकाशी सोडला जातो. या अखंड फेऱ्या म्हणजेच यंत्राचे स्मरण. वीज तोडताच तार तेवढी उरते.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की, चाक, आस, दांडी यांपैकी रथ कोणता? त्याच्या मते 'रथ' हे अवयवांच्या आधाराने चालणारे व्यवहारनाम आहे. नैयायिकांच्या मते अवयवी अवयवांत समवायाने राहतो, तरी त्यांहून भिन्न असतो. सुट्या यंत्रापुढे दोन्ही पक्षांना थांबावे लागते. एकही अवयव हरवलेला नाही, तरी स्मरण कोठेच नाही. शिवाय तरंगांच्या अमुक मालिकेला 'सात' म्हणावे, हा संकेत तारेत सापडत नाही. तो घडवणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसांत असतो.

येथून प्रश्न नैतिक होतो. विघटनातून ज्ञान मिळते, हे निर्विवाद आहे. परंतु सुटे केल्यावर जे दिसले नाही ते नव्हतेच, असा निष्कर्ष काढणाऱ्याच्या ठिकाणी ज्ञानाची जागा अहंकाराने घेतलेली असते. १९७१ च्या 'बिझिकॉम १४१-पीएफ' मध्ये इंटेल ४००४ या एकाच चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर सामावले. तेथे उघड्या डोळ्याची गती खुंटते. त्यामुळे ज्या यंत्रांचे अंतरंग अजून नजरेने वाचता येते, ती उघडणाऱ्यावरची जबाबदारी अधिकच वाढते. भंगारवाला आणि जिज्ञासू यांच्या हाती स्क्रूड्रायव्हर एकच असतो. प्रत्येक तारेची जागा टिपून ठेवणे, डाख सोडवण्यापूर्वी तो पुन्हा देता येईल याची खात्री करणे, ही परतीची वाट राखण्याची वृत्ती दोघांना वेगळे करते.

साहित्यसमीक्षेलाही हा निकष लागू पडतो. कवितेच्या प्रतिमा, लय, शब्दयोजना सुट्या करणे हा समीक्षकाचा अधिकार आहे. परंतु त्या विश्लेषणानंतर वाचकाला ती कविता पुन्हा अखंड वाचता आली पाहिजे. ते साधत नसेल, तर हाती उरलेल्या अवयवांच्या यादीला आकलन म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.