जामदारखान्याचा हिशेब

गेल्या श्रावणात आमच्या पुतणीने कोथरूडला घेतलेली नवी जागा पाहण्याचा योग आला. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन शयनगृहे असे सारे दाखवून झाल्यावर, नाटकात मुख्य पात्राचा प्रवेश मुद्दाम लांबवावा तशा थाटात तिने शेवटी एक अरुंद दार उघडले आणि दिवा लावला. दोन्ही अंगांस छताला भिडलेल्या फळ्या, कपडे टांगण्याच्या दांड्या, पादत्राणांचे उतरते खण आणि मधोमध एका माणसाने उभे राहावे एवढी जागा, अशी ती केवळ कपड्यांना वाहिलेली स्वतंत्र खोली होती. तिला हल्ली ‘वॉक-इन वॉर्डरोब’ म्हणतात, असे मला सांगण्यात आले. ज्या वाड्यात माझे बालपण गेले तेथे नऊ माणसांचे कपडे एका वलणीवर, चार खुंट्यांवर आणि दोन पत्र्याच्या ट्रंकांत सुखाने नांदत, हे मी तिला ऐकवले नाही. म्हाताऱ्यांच्या असल्या आठवणी तरुणांच्या कानी टोमणे होऊन पोचतात. शिवाय माझे लक्ष दुसरीकडेच होते. दार उघडताक्षणी एक कुबट, ओलसर वास अंगावर आला होता, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याला झाकण्यासाठी टांगलेल्या कसल्याशा गुलाबी वडीचा.

“काका, किती प्रकारच्या वड्या आणून झाल्या,” ती म्हणाली. “चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.”

तेच होणार, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती, तिची मागची भिंत न्हाणीघराची होती, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत पुण्याच्या हवेत जो ओलावा मुरलेला असतो त्याला आत शिरायला दार होते, बाहेर पडायला वाट नव्हती. हवेतील आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की चामड्यावर, लाकडावर आणि कापडावर बुरशी धरते. तिला अत्तराची बाधा होत नाही. धोब्याकडून आलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट टांगलेले, एकदा अंगावर घालून आलेले कुडते ‘अजून चालतील’ म्हणून धुतलेल्यांच्या पंगतीला बसवलेले, पावसात भिजलेले बूट खाली तसेच सारलेले, असा सारा बेबंद कारभार होता. उपाय विचाराल तर ते अगदी नीरस आहेत: दार रोज दोन घटका उघडे टाकून आत पंख्याचा वारा सोडावा, फळ्या भिंतीपासून चार बोटे अलग असाव्यात, पिशव्या फेकून द्याव्यात, कपडा खडखडीत वाळल्यावाचून आत जाऊ नये, आणि कोपऱ्यात वाटीभर लाकडी कोळसे ठेवून ते अधूनमधून उन्हात तापवून घ्यावेत. यात दुकानातून आणण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे पुतणीची जरा निराशा झाली.

“मग डांबरगोळ्या?” तिने विचारले.

डांबरगोळीविषयी आपल्याकडे फार मोठा भ्रम आहे. ती घनरूपातून थेट वायुरूप होत विरत जाते, आणि तो वायू गच्च बंद पेटीत पुरेसा साठला तरच किडीला मारक ठरतो. ज्या खोलीचे दार दिवसातून दहा वेळा उघडते तेथे तिचा अंमल आपल्या नाकापुरताच चालतो. शिवाय ज्या तान्ह्या मुलांच्या रक्तात एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असते, त्यांना डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी गुंडाळल्यास रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, हे घरोघरच्या आज्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आमची आजी ट्रंकेत वेखंडाचे तुकडे, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि मलमलीच्या पुरचुंडीत वाळा ठेवीत असे. या वस्तूंनी कीड कितपत पळते याचा निवाडा शास्त्रज्ञांनी करावा. मला मात्र आता असे वाटते की वेखंडाचा खरा गुण त्याच्या वासात नसून तो वास वर्षभरात उडून जातो यात होता, कारण त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास ते बदलण्यासाठी का होईना, सबंध ट्रंक रिकामी करावीच लागे. सुती कपड्यांना मग ऊन दाखवले जाई, रेशमी साड्यांना सावलीतला वारा. आणि घडीच्या रेषेवर रेशीम चिरते म्हणून प्रत्येक साडीची घडी नव्या रेषेवर घातली जाई.

कसरीची रीतही पाहण्यासारखी आहे. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांहून हा पतंग निराळा. तो लहान, सोनेरी आणि उजेडाला भिणारा, आणि त्याला स्वतःला काहीच खाता येत नाही. खाते ती त्याची अळी: लोकर, रेशीम, केस. घामाचा वा आमटीचा डाग असेल तर तेथून आरंभ. तिला काळोख हवा आणि स्वस्थता हवी. जे वस्त्र वरचेवर काढले, झटकले, घातले जाते त्यावर ती संसार थाटीत नाही.

कपड्यांची खोली ही काही बिल्डरांची नवलाई नव्हे. मराठी राज्यव्यवहारात जामदारखाना होता. ‘जामा’ म्हणजे वस्त्र, आणि त्यावर देखरेख करणारा तो जामदार. त्याच कुळातला फरासखाना, जेथे तंबू, राहुट्या आणि बिछायती ठेवीत, आज पुण्यात एका पोलीस ठाण्याचे नाव होऊन उरला आहे. जामदारखान्यात वस्त्रे येत ती मुख्यतः जाण्यासाठी. कोणा सरदाराला पोशाख द्यायचा, कोणा शास्त्र्याला शालजोडी, कोणा वकिलाची बिदागी. वस्त्र जमेस धरले जाई तेव्हाच त्याचा खर्च कोठे तरी लिहिला जाण्याची वाट पाहत असे. जामदाराला जबाब द्यावा लागे. आपल्या खाजगी जामदारखान्यांत जमेची बाजू तेवढी फुगत चालली आहे, खर्चाचे पान कोरे आहे, आणि ताळेबंद मागणारा कोणी नाही. पुतणीच्या दांडीवर घडी न मोडलेल्या अकरा साड्या होत्या. “आहेरात आलेल्या आहेत हो, त्या कशा द्यायच्या?” ती म्हणाली. देणाऱ्याने त्या नेसण्यासाठी दिल्या होत्या, दांडीला नेसवण्यासाठी नव्हे, एवढे मी म्हणालो. आणि रिक्षात बसल्यावर माझ्या ध्यानात आले की उपदेश करण्याचा माझा अधिकार तपासून पाहायला हवा.

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. हिवाळ्याच्या फिरतीसाठी त्यांनी एक लोकरी कोट शिवून घेतला होता, जाड, राखाडी, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला. ते गेले तेव्हा तो मी ट्रंकेत ठेवला. आमच्या इमारतीचा रात्रीचा रखवालदार पौषातल्या थंडीत एका चादरीत मुटकुळे करून बसे; दर वर्षी मला त्या कोटाची आठवण येई, आणि दर वर्षी ‘वडिलांची वस्तू आहे, असू दे’ असे म्हणून मी ट्रंकेचे झाकण लावी. हे झाकण लावण्यात पितृभक्ती किती होती आणि आळस किती, याची मोजदाद मी त्या वेळी केली नाही.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या कडक उन्हात मी ट्रंक गच्चीवर नेली. कोट वर उचलला तेव्हा घड्यांतून भुकटी गळली. बाह्या वरून धड दिसत होत्या. बगलेजवळ आणि कॉलरखाली, जेथे जेथे त्यांचा घाम मुरला होता तेथे तेथे, कसरीने जाळी विणून ठेवली होती. त्याच दुपारी बोहारीण आली. तिने माझ्या जुन्या विजारी आणि पत्नीच्या चार साड्या घेऊन एक स्टीलचा डबा पुढे सरकवला, आणि कोट हातात घेऊन उजेडासमोर धरला. पाठीतून ऊन पलीकडून अलीकडे आले. तिने दोन बोटांनी शिवण ताणली, ती आवाज न करता सुटली.

“बाबा, याचं काही येणार नाही,” ती कोट परत देत म्हणाली. “वेळेवर दिला असता तर कुणाच्या तरी अंगावर गेला असता.”

पाच बटणे तेवढी शाबूत होती, ती मी कापून घेतली. रखवालदाराची चौकशी केली. तो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गावी गेला होता.