मारणाऱ्याच्याच हातात लेखणी

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ ही बातमी वाचताना आपल्या कपाळावर आठी पडत नाही. खरे तर त्यात एका गुन्ह्याच्या तपासात दुसरा गुन्हा घडल्याची वर्दी असते. शिवाय ती कबुली कोर्टात टिकत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा मानायचा नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्याने ठरवले. इंग्रज सरकारलाही आपल्या पोलिसांचा भरवसा नव्हता. २०२३च्या साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर मात्र तेवढा भाग चालतो. पट्टा उगारण्याचा मोह होतो तो बऱ्याच अंशी या फटीमुळे.

पोलिसांनी बळ वापरूच नये, असे कुणी म्हणत नाही. अटकेला विरोध करणाऱ्याला आवरायला, जमाव पांगवायला ते लागते, आणि कायदा आवश्यक तेवढ्याच बळाची मुभा देतो. पण कोठडीत असलेल्या, प्रतिकार न करणाऱ्या माणसावर उगारलेल्या काठीला कोणतेही कलम पाठीशी घालत नाही. म्हणजे अडचण मनाई नसल्याची नाही, ती सिद्ध करण्याची आहे. कोठडीत साक्षीदार नसतो आणि जे घडले ते कागदावर उतरवणारेही पोलीसच असतात.

२०१७ साली सांगलीत पोलिसांच्या ताब्यातल्या तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळण्यात आला, आणि आरोपी पळून गेला अशी बतावणी करण्यात आली. डिसेंबर २०२४मध्ये परभणीतल्या एका आंदोलनानंतर अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत दगावला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला, तरी गुन्हा नोंदवायला जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले.

सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले नाहीत असे नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सारे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रण १८ महिने जपण्याचा हुकूम झाला. पण कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी पडली त्याच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर. कुंपणालाच शेताची राखण दिली, तर दुसरे काय होणार?

म्हणून उपाय सिद्धतेच्या ओझ्यातच शोधायला हवा. त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर संताप उसळला. १९८३ साली पुरावा कायदा बदलला. पोलिसाने ताब्यातल्या स्त्रीशी संबंध ठेवल्याचे सिद्ध झाले आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरायचे. कोठडीतल्या जखमांनाही हाच न्याय लावावा, असे विधी आयोगाने १९८५च्या ११३व्या अहवालात सुचवले. माणूस ताब्यात असताना जखमी झाला, तर ती जखम पोलिसांनी केली असे न्यायालयाला धरता यावे आणि नाही म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यावे. २०१७ साली आयोगाने पुन्हा तेच सांगितले. २०२३ साली फौजदारी कायदे नव्याने लिहिताना ही शिफारस बाजूलाच राहिली.

तासन्‌तास ड्यूटी, अपुरे मनुष्यबळ, ‘तपास लावा’ म्हणून वरून येणारा दट्ट्या, हे पोलिसांचे दुखणे खरे आहे. त्यावर प्रयोगशाळा आणि माणसे वाढवणे हे औषध आहे. काठी हे नव्हे. प्रामाणिक पोलिसालाही आयोगाने सुचवलेल्या या कलमाची भीती नको, कारण वेळेवर झालेली वैद्यकीय तपासणी आणि चालू कॅमेरा हेच त्याचे साक्षीदार ठरतील.

पुरावा हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्राचे विधिमंडळ ही दुरुस्ती मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवू शकते. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूनंतर सभागृहात चौकशीची घोषणा करणाऱ्यांना मतदारांनी एवढेच विचारावे: ते विधेयक कधी मांडता?