आधी बाण काढा



घरात असाध्य आजाराचे मूल असले की आईबाप डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात, "अजून किती दिवस?" डॉक्टर म्हणतात, "सांगता येत नाही." आईबापांना वाटते, डॉक्टर काही लपवीत आहेत, आणि पाय भगताकडे वळू लागतात. ज्या वाटा आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन सोडल्या, त्याच दुःखाच्या दिवसांत पुन्हा दिसू लागतात.

परंतु "सांगता येत नाही" हे पुष्कळदा खरे उत्तर असते. ड्यूशेन नावाच्या स्नायूंच्या आजारात मुलाची शक्ती वर्षानुवर्षे हळूहळू क्षीण होते. मध्येच न्यूमोनिया होतो. मूल आता जाते असे वाटते, आणि तेच पुन्हा उठून बसते. पुढच्या खेपेला उठेल की नाही, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. जे वैद्यकाला कळत नाही, ते पंचांगाला कोठून कळणार?

तथागतांनी मालुंक्यपुत्ताला बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कोणी मारला हे कळल्यावाचून तो काढू देणार नाही, असे म्हणणारा उत्तर मिळण्याआधीच मरेल. बंधूंनो, तारीख हा तसाच प्रश्न आहे. मुलाची वेदना, धाप आणि भीती हा बाण आहे, आणि त्यावर आजच इलाज करता येतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती शुश्रूषा मुलांच्या बाबतीत निदान होताच सुरू करावी, मूळ आजारावरचे उपचार चालू असले तरीही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१४ साली कायदा सुधारून वेदनेसाठी मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी केली गेली. डॉक्टरांनी मोजून दिलेले मॉर्फिन म्हणजे मुलाला मारणे नव्हे.

म्हणून डॉक्टरांना विचारा: रात्री धाप लागली तर काय द्यावे? कोणाला बोलवावे? इस्पितळात केव्हा न्यावे? तयारी दोन्हींची ठेवा: मूल सावरले तर शाळेची, न सावरले तर शांत निरोपाची. निरोपाची तयारी केल्याने आशा मरत नाही. मुलाने विचारले, "मी बरा होईन का?" तर खोटे बोलू नका. "ठाऊक नाही बाळा, पण आम्ही तुझ्याजवळ आहोत," असे सांगा.

बाबासाहेब आणि रमाई यांनी चार लेकरे गमावली. हे दुःख त्या घरानेही सोसले.

आणि शेजाऱ्यांनो, एकाकी पडलेल्या आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपल्या वस्तीतील त्या थकलेल्या आईला एक रात्र झोपू द्या; तिच्या मुलाजवळ तुम्ही बसा. धम्म तेथेच आहे.

जय भीम!