विजया आणि वैद्यधर्म

आषाढातल्या एका संध्याकाळी अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्यांचे पाणी राजापूरच्या जवाहर चौकात येऊन थबकले होते आणि बाजारपेठेतले दुकानदार माल माळ्यावर चढवून पावसाचा अंदाज घेत बसले होते. त्या वेळी आमच्या आळीतील वृद्ध वैद्यबुवांच्या ओसरीवर जे संभाषण झाले, ते मी, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेला एक श्रोता, शक्य तितके यथातथ्य लिहून ठेवीत आहे. तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तरुण डॉक्टरबाई पुरामुळे गावात अडकल्या होत्या. त्या आल्या त्या अस्वस्थ मनानेच.

“वैद्यबुवा,” त्या म्हणाल्या, “परवा एका वाडीवरच्या बाई आल्या. नवऱ्याचा कर्करोग हाडांत उतरलेला. परळच्या टाटा रुग्णालयातून आता घरीच ठेवा म्हणून पाठवलेला. मुलाने मुंबईत कुणाकडून तरी गांजाचे तेल म्हणून एक बाटली आणली. ती त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, देऊ का? मी म्हटले, हे बेकायदेशीर आहे, माझ्यासमोर काढूसुद्धा नका. त्यांनी बाटली पिशवीत घातली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या.”

“कायद्याने तुम्ही बरोबरच होता,” वैद्यबुवा म्हणाले.

“ते खरे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात झाडाचे फुललेले-फळलेले शेंडे म्हणजे गांजा. नुसती पाने आणि बी त्यात धरलेली नाहीत, आणि वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाची वाटही त्याच कायद्याने, परवान्याच्या अटीवर, राखून ठेवली आहे. पण त्या बाटलीवर ना लेबल, ना मात्रा.”

“पानांनाही मोकळीक समजू नका,” मी मध्येच बोललो. “१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली भांगही येते.”

वैद्यबुवा काही वेळ पागोळ्यांकडे पाहत राहिले. “आयुर्वेदाचा माणूस म्हणून मी विजयेची, म्हणजे भांगेची, तरफदारी करीन, असे तुम्हांला वाटत असेल. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्य म्हणजे काय हे सांगताना उदाहरणादाखल भांग आणि अफू ही दोन नावे दिली आहेत. जे आधी सगळे शरीर व्यापते आणि मागाहून पचते, ते व्यवायी. म्हणजे जठराग्नीला निवाडा करायला अवसरच न देता ते अंमल बसवून मोकळे होते. म्हणून आमच्याकडे तिचे शोधन सांगितले. धुऊन, वाळवून, गाईच्या तुपावर परतून, मोजून घ्यायची. जातीफलादि चूर्णात ती आहे, ग्रहणी-अतिसारावर. सरकारच्या औषध नियमांतील ई-१ परिशिष्टातही भांग विषारी द्रव्यांत नोंदलेली आहे आणि अशा औषधावर वैद्याच्या देखरेखीची ताकीद छापावी लागते. तुमच्या त्या बाटलीत यातले काय आहे?”

“काहीच नाही. आणि तरीही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझ्या शास्त्राने हे झाड इथूनच उचलले होते. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ साली कलकत्त्यात धनुर्वातासारख्या रोगांवर त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि तेथून ते विलायतेच्या औषधकोशांत गेले. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने सात खंडांचा अहवाल लिहून बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही असा निर्वाळा दिला. मला मात्र कॉलेजात ते व्यसनाच्या प्रकरणात भेटले, औषधाच्या प्रकरणात नाही. आज लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर त्यातील कॅनाबिडिऑल अमेरिकेत २०१८ पासून मान्य आहे; केमोथेरपीच्या ओकाऱ्यांवरही त्या जातीची औषधे चालतात. वेदनेवरचा पुरावा मात्र पातळ आहे, इतका की वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली त्याची शिफारस करण्याचे नाकारले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात औषध म्हणून गांजा राज्याच्या कायद्याने मिळतो. तिथल्या प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांची एक छोटी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांनी याला रास्त औषध मानले, आणि तरी सुमारे निम्मे जण रोग्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायला तयार नव्हते किंवा राजी नव्हते. तिथे राज्याच्या कायद्याचे भय नसताना ही स्थिती! म्हणजे माझे तोंड केवळ कायद्याने बंद केले नव्हते. मला ठाऊक नाही, हे त्या बाईंसमोर कबूल करणे मला जमले नाही.”

“पण तुम्ही बोलला असता,” वैद्यबुवा म्हणाले, “तर चार दिवसांत साऱ्या वाडीने म्हटले असते की सरकारी डॉक्टरने गांजा दिला. वदंताही व्यवायीच असते, बाई. आधी पसरते, मग पचते. परळच्या तज्ज्ञाचे मत हे एक मत असते. खेड्यात तुम्ही वैद्यही आणि सरकारच्या अंमलदारही. तुमचा नुसता होकारार्थी हुंकारसुद्धा तिथे फर्मान ठरतो.”

हा आक्षेप वजनदार होता आणि बाई त्यावर गप्प झाल्या. माझ्या मनात मात्र कचेरीतली छत्तीस वर्षे जागी झाली. मी म्हटले, “आमच्याकडे एक दंडक होता. अर्ज नामंजूर करता येतो. तो दाखल करून घ्यायलाच नकार देता येत नाही. आवक नोंदवहीत त्याला क्रमांक पडलाच पाहिजे, मग हुकूम काहीही होवो. तुम्ही त्या बाईंचा अर्ज नामंजूर केलात याचा दोष मी देणार नाही. तो तुम्ही दाखलच करून घेतला नाहीत.”

“दाखल केला असता तर काय विचारले असते?” वैद्यबुवांनी हळूच विचारले.

“विचारले असते की बाटलीतले काही दिले आहे का, किती दिले, त्यानंतर गुंगी आली का, तोल गेला का. दुसरी कोणती औषधे चालू आहेत. कारण अपस्मारावरचे क्लोबाझाम किंवा रक्त पातळ करणारे वॉर्फरिन असेल, तर अशा तेलाने त्यांचा परिणाम धोक्याइतका वाढू शकतो. आणि...” त्या थांबल्या. “आणि दुखते किती, हे विचारले असते. वैद्यबुवा, तेच मी विचारले नाही. बाटलीकडे पाहता पाहता मी वेदनेकडे पाहिलेच नाही. वेदनेवर ज्याचा पुरावा भक्कम आहे ते मॉर्फिन त्या घरात आहे की नाही, याची चौकशीसुद्धा केली नाही.”

वैद्यबुवांनी मान हलवली. अफू नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्यावर पिकत असताना आणि तिच्यापासून मॉर्फिन होत असताना, १९८५ च्या त्याच कायद्याच्या धास्तीने आणि परवान्यांच्या जंजाळाने इथले असंख्य रोगी त्यावाचून तळमळत गेले. ते सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. कायदा दुरुस्त होतो. पण वैद्याच्या हाडीमांसी खिळलेली धास्ती त्याच तारखेपासून उतरते असे नाही, आणि तिची किंमत खाटेवर पडलेला माणूस देतो, हे मला त्या संध्याकाळी प्रथमच कळले.

“माझेही ऐका,” वैद्यबुवा शेवटी म्हणाले. “मीही कित्येक वर्षांत विजयेचे औषध दिलेले नाही. रोग्याला नको म्हणून नव्हे, झडतीच्या भयाने. आणि रोग्याला मात्र ते युक्त नाही असे सांगत आलो.”

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि रस्ता सुरू होताच डॉक्टरबाई पहिल्या एस.टी.ने त्या वाडीवर गेल्या. बाटली अर्धी झाली होती. परळहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या संपून अकरा दिवस झाले होते, आणि त्या घरातून ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.