दोन सुया, दोन रंग

हे मनन सावकाश वाचायचं आहे. चामडं, सुया आणि दोरा जवळ असेल तर उत्तम. नसेल तर आपलं रोजचं पाकीट काढा आणि रिकामं करा. नोटा, कार्डं, देवाचा फोटो, शाई उडून गेलेल्या पावत्या, सगळं बाजूला ठेवा. आता त्या पाकिटाची शिवण शोधा.

सापडायला जरा वेळ लागेल. काळ्या चामड्यावर काळा दोरा असतो, तपकिरीवर तपकिरी. डोळ्यांना टाके उशिरा दिसतात, नखाला लवकर लागतात. नख कडेवरून हळूहळू फिरवा. प्रत्येक टाक्यापाशी ते किंचित अडेल. कुणीतरी हे शिवलं आहे, आणि शिवलेलं दिसू नये याचीही काळजी घेतली आहे. आज आपण उलट करणार आहोत. चामडं एका रंगाचं, दोरा दुसऱ्या. खरं तर दोरे दोन, आणि तेही दोन रंगांचे. शिवण दिसलीच पाहिजे.

आधी नुसतं चामडं हातात घ्या. दोन्ही बाजू चाचपा. एक बाजू गुळगुळीत आहे, तिच्यावर बारीक रंध्रं आहेत. तिथे केस होते. दुसरी बाजू मऊ, किंचित तंतुमय, ती मांसाकडची. गुळगुळीत बाजूवर एखादा ओरखडा दिसेल, गोचिडीच्या चाव्याचा ठिपका दिसेल, मानेकडचा तुकडा असेल तर सुरकुत्या दिसतील. हे एका जनावराचं अंग होतं. या वाक्यावरून घाईनं पुढे जाऊ नका. ज्यांना इथून पुढे जावंसंच वाटणार नाही, त्यांनी जाड कॅनव्हास घ्यावा. टाका तोच राहतो. बाकीच्यांनी ओरखडा असलेला तुकडा टाकून देऊ नये. मी तर तो मुद्दाम दर्शनी भागात घेतो. निर्दोष, एकसारखं चामडं बघितलं की मला त्यावर रंगाचा जाड थर आहे की काय असा संशय येतो, आणि पुष्कळदा तो खरा ठरतो.

कच्चं कातडं सडतं. ते टिकावं म्हणून कमवावं लागतं. कोल्हापूरच्या बाजूला जुनी पद्धत बाभळीची साल आणि हिरडा यांची. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात हा कषाय भरायचा, ती टांगून ठेवायची आणि खाली झिरपलेलं पाणी पुन्हा वरून ओतत राहायचं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंना जाऊन बिलगतं. मग ते कुजत नाही. याला काही आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एखाद-दोन दिवसांत होऊ लागलं, आणि आज बाजारातलं बहुतांश चामडं क्रोमचं असतं. ते मऊ असतं, पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्याची कापलेली कड घासून चमकत नाही. आपल्याला सालीत कमावलेलं हवं. नाकाशी धरा. ओल्या लाकडाचा, थोडासा तुरट वास येईल. एक सावधगिरी: हे चामडं ओलं असताना त्यावर लोखंड ठेवू नका. हिरडा आणि लोखंड भेटले की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी शाई होत असे, ती याच गुणामुळे.

आता रंग. मराठी डोळ्याला विरोधी रंग शिकवावे लागत नाहीत. हिरव्या अंगाला लाल काठ, काळ्या चंद्रकळेला लाल, इरकलीचा वेगळाच पदर, हे पाहत आपण मोठे झालो. काठ अंगाशी भांडला नाही तर लुगडं फिकं वाटतं. पाकिटाची शिवण म्हणजे त्याचा काठ. या पाकिटासाठी बदामी चामडं धरू या, रंग न दिलेलं. आतल्या कप्प्यांना गडद हिरवं. एक दोरा पांढरा, एक गडद निळा. डोळे मिटा आणि हे चार रंग एकमेकांशेजारी ठेवून बघा. तुमच्या मनात दुसरे चार उमटले तर ते घ्या. फक्त शेजारचे दोन रंग जवळजवळ सारखे नकोत. तो कचरण्याचा रंग होतो. दोरा वेगळा लावायचा असेल तर नीट वेगळा लावावा.

मापं झटकन उरकू. ५०० रुपयांची आजची नोट ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० लांब. २०१६ पूर्वीची ७३ बाय १६७ होती. म्हणून जुन्या पाकिटांत नव्या नोटा सैल पडतात, आणि म्हणूनच जुन्या पाकिटावरून नमुना काढू नये. बँकेचं कार्ड साधारण ८६ बाय ५४. पुठ्ठ्याचा नमुना कापा, त्यात नोट आणि कार्ड ठेवून पाहा, सगळीकडे शिवणीपुरती जागा सोडा. बाहेरचं चामडं सव्वा मिलिमीटरच्या आत, आतलं त्याहून पातळ. जिथे तीन-चार थर एकावर एक येतात तिथे रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या सुरीनं, कड तासून पातळ करावी लागते. रापी हळू चालवा. पाकीट एका बैठकीत होत नाही, बोट मात्र एका क्षणात कापतं.

कडेला समांतर एक रेघ ओढा. त्या रेघेवर भोकं पडतील. काट्यासारखे दात असलेलं पोलादी हत्यार रेघेवर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकायचं, किंवा खुणा करून एकेक भोक आरीनं पाडायचं. ४ मिलिमीटर अंतर धरलं तर १० सेंटिमीटर कडेत २५ टाके येतात. भोकं गोल नसतात, तिरप्या फटीसारखी असतात; टाका तिरपा दिसतो तो त्यामुळे. ठोकताना प्रत्येक घावाच्या आधी थांबा. चामड्याचं भोक बुजत नाही. कापडातली सुई काढली की धागे पुन्हा जवळ येतात, इथे तसं नाही.

आणि आता दोरा. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट लागतो. मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून तो दोन-तीनदा ओढा. पहिल्यांदा तो अडखळेल, मग सरकेल, मग बोटांना किंचित चिकट लागेल. पांढऱ्याचं आणि निळ्याचं एकेक टोक गाठीनं जोडा. ही गाठ चामड्याच्या दोन थरांमध्ये दडवायची. पहिल्या भोकातून पांढरा पुढच्या बाजूला येईल, निळा मागच्या. मोकळ्या टोकांना सुया ओवा. सुया बोथट हव्यात. भोक आधीच पाडलेलं आहे, टोचण्याचं काम त्यांना नाही. पाकीट दोन फळ्यांच्या चिमट्यात धरून चिमटा मांड्यांमध्ये दाबा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील.

इथून पुढे वेग अर्धा करा.

मागची सुई दुसऱ्या भोकातून पुढे आणा. निळा दोरा थोडा बाहेर ओढा. आता पुढची सुई त्याच भोकातून मागे न्या, पण नेताना निळा दोरा किंचित मागे खेचत राहा. का, ते समजून घ्या: एका सुईनं दुसऱ्या दोऱ्याचे तंतू भेदले तर दोन्ही तिथेच अडकतात आणि टाका आवळता येत नाही. वाट एकच, दोघांना जायचं आहे; एकानं जरा सरकायचं. मग दोन्ही हात बाजूला पसरा, समान ताणानं. दोरा भोकात रुतल्याचं बोटांना कळतं. तेवढंच. आणखी ओढलं तर चामडं चुरगळतं.

पुन्हा. मागची आधी, मग पुढची. क्रम बदलू नका. क्रम बदलला की त्या ठिकाणचा टाका वेगळ्या कलानं बसतो, आणि विरोधी रंगात तो लांबूनही ओळखू येतो.

आता थांबून समोर बघा. पहिला टाका पांढरा आला. दुसरा निळा. तिसरा पांढरा येईल. पाकीट उलटवा: मागे पहिला निळा, दुसरा पांढरा. तुम्ही रंग बदललेला नाही. पुढे असलेला दोरा प्रत्येक भोकात मागे जातो आणि मागचा पुढे येतो, एवढंच घडतं आहे. हातही तसेच: उजव्या हातातली सुई डावीकडे जाते, डावीकडची उजवीकडे येते. दोन्ही दोरे एकाच रंगाचे असते तर ही अदलाबदल होत राहिली असती आणि तुम्हाला दिसली नसती. या टाक्यासाठी दोन रंग घ्यायचे ते एवढ्यासाठी. दहा टाके घाला आणि प्रत्येक वेळी मनात फक्त एवढं ठेवा: हा आता तिकडे गेला, तो इकडे आला.

शिवणयंत्राचा टाका असा नसतो. एलियास हौनं १८४६ साली अमेरिकेत ज्याचं पेटंट घेतलं त्या टाक्यात वरचा दोरा वरच राहतो, खालचा खाली. दोघे चामड्याच्या पोटात एकमेकांना अडकतात आणि आपापल्या बाजूला परततात. वर पांढरा, खाली निळा असं यंत्रावर शिवलंत तर अख्खी शिवण वरून पांढरी आणि खालून निळी. तो टाका वेगवान आहे, स्वस्त आहे, आणि त्यानं जगाला कपडे घातले. पण त्यातला एक टाका तुटला की शेजारचे सुटायला लागतात. हाताच्या या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात. एक तुटला तरी दुसरा धरून राहतो, म्हणून घोड्याचं खोगीर असं शिवतात.

शिवत राहा. शिवताना मन कुठे जातं ते बघा. त्याला ओढून आणू नका. टाके ती नोंद ठेवतच आहेत. फोन वाजला तिथला टाका सैल असेल. कुणावर तरी राग आला तिथला घट्ट, चामडं आत ओढलेला. काळ्यावर काळा दोरा असता तर हे कुणाला दिसलं नसतं.

आणि मन कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याकडे गेलं तर जाऊ द्या. तो आरीनंच शिवतो. त्याच्या आरीला टोकाशी खाच असते. ती तळातून दोऱ्याचा फास वर काढते, त्यात तो दुसरं टोक ओवतो आणि आवळतो. मेण तो लावतो तसंच तुम्ही लावलंत. वेग मात्र तुमच्या कितीतरी पट. आणि तो दोरा निवडतो तो बुटाच्या रंगाचा. त्याचं काम दिसू नये हीच त्याच्या कौशल्याची परीक्षा, आणि आपण पाच मिनिटांत पैसे देऊन निघतो.

चामड्याला कुणी हात लावायचा हे आपल्याकडे जातीनं ठरवलेलं होतं. मेलेलं जनावर ओढणारे वेगळे, कातडं कमावणारे वेगळे, शिवणारे वेगळे. आणि वापरणारे या तिघांपासून दूर. बाराव्या शतकात कर्नाटकात, बसवेश्वरांच्या कल्याणात, हरळय्या नावाचे शरण, म्हणजे त्यांच्या पंथातले भक्त, होते, पादत्राणं करणारे. त्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि त्यापायी दोन्ही व्याह्यांना बिज्जल राजानं ठार मारवलं, असं परंपरा सांगते. सोलापूरकडे हरळय्यांचं नाव आजही आदरानं घेतात. आज आपल्यातली कितीतरी माणसं फ्लॅटच्या बाल्कनीत, हौसेनं, विकतचं चामडं घेऊन पाकीट शिवतात. छान आहे. हातानं शिवलेलं म्हणून त्याला किंमतही बरी येते. ज्यांच्या हातांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या आलं, त्यांच्या हातांना ती किंमत का येत नाही, हा प्रश्न शिवताना शेजारी बसू द्या. लगेच उत्तर देऊन त्याला उठवू नका.

शेवटच्या भोकापाशी पोहोचलात की दोन टाके उलटे या. इथे गंमत होते: मागे येताना एकाच जागी दोन्ही रंग एकमेकांवर बसतात. दोरा तागाचा असेल तर टोकं जवळून कापून किंचित गोंद लावा. पॉलिस्टरचा असेल तर आचेनं वितळवून दाबा. मग कड. कोपरे तासून गोल करा, कडेला बोटानं पाणी किंवा भिजवलेला कतिरा गोंद लावा आणि गुळगुळीत लाकडानं घासा. सुरुवातीला ती केसाळ असते; घासता घासता थर दिसेनासे होतात आणि कड काळसर, तुकतुकीत होते. ती सगळीकडे सारखी व्हायला हवी असा आग्रह धरू नका.

पाकीट वापरायला घेतलंत की बदामी चामडं ऊन आणि हाताचं तेल पिऊन गडद होत जाईल. पांढरा दोरा मळेल. निळ्याचा विरोध कमी होईल, पांढऱ्याचा आधी वाढेल, मग तोही जरा ओसरेल.

आणि पुढच्या वेळी चप्पल तुटली की कोपऱ्यावर जाल तेव्हा त्याला सांगून बघा: दादा, पांढऱ्या दोऱ्यानं शिवा, दिसू दे. तो आधी तुमच्याकडे, मग चपलेकडे बघेल. बहुधा विचारेल, चांगलं दिसेल का? त्याच्याशी बोला. घाईत नसाल तर शिवताना शेजारी बसा, आणि तो आरी कशी धरतो ते बघा.